घाट उतरताना ऊर्जा जाते कुठे? (नववीचा धडा आणि बोरघाट)

वळणवाट

नववीच्या विज्ञानात दुसराच धडा ‘कार्य आणि ऊर्जा’. त्यात वरून सोडलेल्या वस्तूची आकृती आहे. वर सगळी स्थितिज ऊर्जा, जमिनीला टेकताना सगळी गतिज, मध्ये दोन्ही थोडी थोडी, आणि बेरीज मात्र तिन्ही ठिकाणी तीच. लेकीने हे समजून घेतलं, गणितं सोडवली आणि मग विचारलं, "बाबा, आपण लोणावळ्याहून खोपोलीला उतरतो तेव्हा ही बेरीज का नाही जुळत?"

प्रश्न रास्त आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२२ मीटरवर, खोपोली शंभरच्या आत. हिशेबाला सोपं म्हणून उतार ५०० मीटर धरू. धड्यातला नियम जसाच्या तसा लावला तर खाली पोचताना वेग येतो √(२ × ९.८ × ५००), म्हणजे सेकंदाला ९९ मीटर. ताशी ३५६ किलोमीटर! प्रत्यक्षात आपण वर साठने निघतो आणि खालीही साठनेच पोचतो. गतिज ऊर्जा होती तेवढीच, स्थितिज मात्र ५०० मीटरने कमी. म्हणजे ती सगळीच्या सगळी कुठेतरी गेली.

मग किती गेली ते काढलं. १६ टनांचा ट्रक धरा. १६,००० × ९.८ × ५००, म्हणजे ७८ मेगाज्यूल. हा आकडा नुसता ऐकून काही बोध होत नाही. म्हणून तोच ट्रक सपाटीवर ६० च्या वेगात असताना त्याची गतिज ऊर्जा किती ते पाहिलं: २.२ मेगाज्यूल. भागाकार केला तर उत्तर ३५.

म्हणजे एकदा घाट उतरणं हे साठच्या वेगातून ३५ वेळा पूर्ण थांबण्यासारखं आहे. तेही दहा-पंधरा मिनिटांत, एकामागून एक. या भागाकारात वस्तुमान वर-खाली दोन्हीकडे असल्याने कटतं, त्यामुळे स्कूटर असो की कंटेनर, उत्तर ३५ च.

तर इथल्या जाणकारांना विचारायचं आहे: (१) नववीच्या मुलीला हे नीट कसं सांगावं? (२) वजन कटतं तर घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या ट्रक-बसच्याच का असतात?

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

मुलं दोन वेगळे नियम एकात मिसळतात आणि त्यात पुस्तकांचाही थोडा हात असतो. एक नियम असा की ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही. याला अपवाद नाही. दुसरा असा की स्थितिज आणि गतिज यांची बेरीज, म्हणजे यांत्रिक ऊर्जा, कायम राहते. हा दुसरा सशर्त आहे. कार्य करणारं बल फक्त गुरुत्वाकर्षणासारखं असेल, तरच. (स्प्रिंग चालते, कारण दाबायला लागलेली ऊर्जा ती सोडताना परत देते.) धड्यातली वस्तू हवेचा विरोध न होता मोकळी पडते आहे, ही अट मुलांच्या नजरेतून निसटते. परीक्षेत ती कोणी विचारत नाही ना!

गुरुत्वाकर्षणाचं वैशिष्ट्य काय? त्याने केलेलं कार्य वाटेवर अवलंबून नसतं. जुन्या रस्त्याने उतरा, द्रुतगती महामार्गाने उतरा, रेल्वेने उतरा किंवा नागफणीच्या कड्यावरून दगड सोडा, उंचीतला फरक सारखा असला की किलोमागे कार्य सारखंच. घर्षणाचं तसं नाही. वाट जितकी लांब तितकं ते जास्त खातं, आणि परतीच्या वाटेवर परत देत नाही, पुन्हा खातं. म्हणून त्याच्यासाठी ‘स्थितिज ऊर्जा’ अशी नोंदच करता येत नाही.

मुलीला सांगा की बेरीज जुळत नाही म्हणून नियम खोटा ठरत नाही. जेवढी तूट आली तेवढंच कार्य घर्षणाने केलंय. तूट मोजायला नियमाचाच उपयोग झाला. तुम्ही नेमकं तेच केलंत.

डिझेल_दादा

वळणवाट भाऊ, ३५ चा आकडा वाचून बरं वाटलं. आमच्या वडिलांनी हिशेब न करता हेच शिकवलं होतं: ज्या गिअरवर घाट चढलास त्याच गिअरवर उतर.

गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की सगळा भार लायनरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या). सतत पाय ठेवला तर ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. वर लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. पेडल दाबताय, गाडी थांबत नाही. छोट्या गाड्यांत ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल एकदम मऊ पडतं, थेट खाली जातं. जळक्या लायनरचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

आणि इंजिन बंद करून उतरणारे महाभाग असतात. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. दोन-चार वेळा ब्रेक मारला की टाकीतली हवा उतरली.

प्रश्नचिन्ह

सगळं पटलं, पण दुसरा प्रश्न तसाच राहिला. वस्तुमान कटतं म्हणता, मग माझी हॅचबॅक ३५ वेळा थांबल्यासारखी तापायला हवी. तिसऱ्या गिअरमध्ये मी ब्रेकला फारसा हात, आपलं, पाय लावत नाही आणि काही होत नाही. ट्रकचं का होतं?

अनुजा_क

चाकणला ब्रेकशी संबंधित काम करते, म्हणून राहवलं नाही.

३५ हा भागाकार बरोबर आहे, पण त्यातली सगळीच ऊर्जा ब्रेकला जात नाही. वाटेकरी चार: हवा, टायरची लोळण (लोळताना होणारा विरोध), इंजिन आणि उरलं ते ब्रेक. खरा फरक या वाटणीत आहे. ५०० मीटरचा उतार १० किलोमीटरमध्ये, म्हणजे ५ टक्के चढ-उतार, असं धरून ठोकळ आकडे देते.

एक टनाची छोटी कार: उताराची ओढ साधारण ४९० न्यूटन. ६० च्या वेगाला हवेचा विरोध ११५-१२० न्यूटन, टायरचाही जवळपास तेवढाच. म्हणजे निम्मी ओढ हवा आणि टायर मिळूनच खातात. उरलेल्यातलं बरंचसं तिसऱ्या गिअरमधलं इंजिन.

१६ टनांचा ट्रक: ओढ ७,८०० न्यूटन. हवा ८०० च्या आसपास, टायर ११००. म्हणजे जेमतेम पाव भाग. बाकी पाऊण इंजिन आणि ब्रेकच्या माथी.

वजन सोळापट झालं, पण हवेचा विरोध सोळापट होत नाही, सहा-सातपट होतो. ब्रेकचंही तेच. ड्रम मोठे असतात, पण सोळापट मोठे नसतात, आणि थंड व्हायला लागणारा पृष्ठभाग वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. वस्तुमान कटतं ते ऊर्जेच्या समीकरणात. लोखंड तापताना आणि थंड होताना ते परत येऊन बसतं.

आणखी एक. ७८ मेगाज्यूल दहा मिनिटांत म्हणजे सरासरी १३० किलोवॅट. हाच ट्रक ३० ने उतरला तर वीस मिनिटं लागतील आणि सरासरी ६५ किलोवॅट होईल. ऊर्जा तेवढीच, पण ती बाहेर टाकायला वेळ दुप्पट. घाटात सावकाश उतरा म्हणतात त्यात वळणांची भीती आहेच, पण हाही भाग आहे.

जाता जाता: समजा हे सगळे ७८ मेगाज्यूल १०० किलो लोखंडात कोंडले आणि उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही, तर तापमानवाढ १७०० अंशांच्या वर जाते. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. ब्रेकवर एकट्यावर घाट सोडायचा नसतो, तो यासाठी.

डिझेल_दादा

ताई, यात एक भर. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवा अडवणारा पडदा नसतो, त्यामुळे नुसतं पाय काढून ते गाडीला फार धरत नाही. म्हणून मोठ्या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक देतात. सायलेन्सरच्या वाटेवर झडप बंद होते, इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जोर लागतो आणि तो जोर चाकांकडून जातो. बटण समोर असतं, वापरायचा मात्र कंटाळा.

चक्रम

हे सगळं ठीक, पण फुकट उतार मिळतोय तर पेट्रोल का जाळायचं? मी तर बाइक न्यूट्रल करून अमृतांजन पॉइंटपासून खाली सोडतो. निसर्गाची स्थितिज ऊर्जा, आपला फायदा. 😎

अनुजा_क

चक्रम, ती ऊर्जा निसर्गाची नाही. चढताना तुमच्याच पेट्रोलने विकत घेतलेली आहे.

आणि फायदाही नाही. इंधन इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर टाकलेला असेल आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर इंधन पूर्ण बंद होतं. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रल केलंत की चाकं सुटली, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडं थोडं पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात गोष्ट वेगळी होती, ती सवय लोकांनी अजून सोडलेली नाही.

चक्रम

बरं बाई, टाकतो गिअर.

प्रश्नचिन्ह

एक शंका. ब्रेक मारल्यावर गाडी थांबवणारं बाहेरचं बल म्हणजे रस्त्याचं टायरवरचं घर्षण. मग उष्णता टायर आणि रस्त्यात व्हायला हवी. ड्रम का तापतो?

निवृत्त_मास्तर

वा! हा प्रश्न वर्गात विचारला असतात तर तुम्हाला खडू बक्षीस दिला असता.

चाक न घसरता लोळत असेल तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. तिथे घर्षणाचं बल आहे, पण विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. ते बल गाडीचा संवेग कमी करतं, पण ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर तिथे होत नाही. ते होतं जिथे दोन पृष्ठभाग खरोखर एकमेकांवर घासतात, म्हणजे लायनर आणि ड्रम. चाक जाम करून गाडी फरफटत नेलीत तर जागा बदलते. मग टायरचा धूर निघतो, रस्त्यावर काळे पट्टे उमटतात आणि ड्रम बिचारा थंडच राहतो, कारण तो फिरतच नाही.

म्हणून ‘घर्षण आहे म्हणजे यांत्रिक ऊर्जा कमी होणारच’ हे वाक्य चूक आहे. भरीव गोळा उतारावरून न घसरता लोळत आला तर घर्षण असूनही यांत्रिक ऊर्जा कायम राहते. फक्त तिचा एक वाटा गोळा स्वतःभोवती फिरण्यात जातो. घसरत्या गुळगुळीत ठोकळ्याच्या वेगाचा वर्ग २ × ग × उंची (ग म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८), तर लोळत्या गोळ्याचा १०/७ × ग × उंची. कडं सोडलंत तर त्याहून कमी, फक्त ग × उंची. गोळ्याचं वजन, आकारमान काहीही असो. घरी फळी तिरकी करून एक काचेची गोटी आणि एक बांगडी सोडा. गोटी दरवेळी जिंकेल.

प्रश्नचिन्ह

खडूबद्दल आभारी, सर 🙏 पण आता आणखी एक. मी गाडीत बसलोय, गाडी एकसमान वेगाने उतरतेय. माझ्या दृष्टीने गाडी जागच्या जागी. गतिज ऊर्जा शून्य, उंचीही बदलत नाही. मग ड्रम कशाने तापतोय?

निवृत्त_मास्तर

तुमच्या दृष्टीने डोंगर वर सरकतोय आणि रस्ता टायरखालून मागे पळतोय. आता टेकलेला बिंदू स्थिर नाही, तो रस्त्याबरोबर चाललाय. त्यामुळे तिथलं घर्षण चाकावर कार्य करतं, चाक फिरवतं, आणि लायनर ते अडवून ठेवतो. हवा आणि टायरची लोळण घडीभर बाजूला ठेवा. घर्षणाचं बल उताराच्या ओढीएवढं, अंतर रस्त्याच्या लांबीएवढं, गुणाकार येतो वस्तुमान × ग × उंची. तेच ७८ मेगाज्यूल.

कोणतं बल किती कार्य करतं हे बघणाऱ्यावर ठरतं. ड्रम किती तापला यावर मात्र दोघांचं एकमत होतं. हे नववीच्या मुलीला सांगू नका, अकरावीपर्यंत थांबा.

जुगाडू

उशिरा आलो. उताराची ऊर्जा इतकी असेल तर आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी खाली येताना पाइपात छोटं टर्बाइन का बसवू नये? त्या विजेवर पंप चालवायचा, पाणी परत वर. खर्च एकदाच.

फलाट_क्र_३

आला, प्रत्येक धाग्यावर एक तरी येतोच. 😄

जुगाडू, आधी नफ्याचं बघू. १०,००० लिटरची टाकी, २० मीटर उंची. १०,००० × ९.८ × २० म्हणजे १.९६ मेगाज्यूल. एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं असतं. अख्खी टाकी रिकामी केलीत, काहीही वाया गेलं नाही असं मानलं, तरी ०.५४ युनिट. अर्धं युनिट! पंप ते पाणी वर चढवायला याहून जास्तच घेणार, कारण पाइप, पंखा आणि मोटार आपापला वाटा काढून घेतात. आणि तुमचं टर्बाइन जोर काढून घेणार म्हणजे खालच्या मजल्यांच्या नळाला धार बारीक होणार, ते वेगळंच.

हेच बोरघाटात मोठ्या प्रमाणावर १९१५ पासून चालू आहे. वळवण, शिरवता आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली खोपोलीच्या वीजघरात सोडतात. उंची पाचशे मीटरहून जास्त. एक घनमीटर पाण्यामागे ५०० मीटरला १.३६ युनिट. तोटीतून बाहेर पडणाऱ्या धारेचा वेग वर धागाकर्त्याने काढला तोच, ताशी साडेतीनशेच्या घरात. तिथे धड्यातलं समीकरण जवळजवळ खरं ठरतं, कारण नळ गुळगुळीत आणि रुंद ठेवून घर्षण कमी केलेलं असतं. धार पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. वाटीचा वेग धारेच्या निम्मा ठेवला की पाणी जवळजवळ सगळा वेग चक्राला देऊन मलूल होऊन खाली पडतं.

तेच पाणी चक्र न फिरवता धबधब्यासारखं कोसळलं तर? सुमारे ४२७ मीटरला १ अंश या हिशेबाने ते जेमतेम सव्वा अंशाने तापेल. एवढ्या ऊर्जेने पाणी कोमटसुद्धा होत नाही.

आणि परत वर चढवण्याचं म्हणाल तर तेही करतात. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. रात्री वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की सोडायचं. चार युनिट घालून साधारण तीन परत मिळतात. तोटा माहीत असूनही करतात, कारण संध्याकाळच्या युनिटची किंमत वेगळी.

जुगाडू

अर्धं युनिट हे मनाला लागलं.

फलाट_क्र_३

आता माझा आवडता विषय. रेल्वेच्या घाटात चढ ३७ ला १. पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ब्रेक तपासायला थांबवतात आणि तिथल्या सांध्यांचा रोख आधीपासून कॅच सायडिंगकडे असतो. गाडी वेळेत थांबली नाही तर ती वर चढत जाणाऱ्या रुळावर जाते. तिथे ब्रेक गेले तरी चालतं, गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत भरून घेतात आणि गाडी थांबते. धड्यातली आकृती उलटी करून रुळावर मांडलेली. रस्त्याच्या घाटांतही असे सुटका-रस्ते हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. वाळू-खडी टाकलेला चढ फार महाग नसतो.

दुसरं, हजार टनांची गाडी कर्जतहून लोणावळ्याला चढवायला नुसत्या उंचीसाठी दीड हजार युनिट लागतात. आताची थ्री-फेज इंजिनं उतरताना मोटारीचाच जनित्र करून यातला काही भाग तारेत परत सोडतात. खालून चढणारी गाडी तेव्हा त्याच टप्प्यात असेल तर तीच वापरते.

वळणवाट

सगळ्यांचे आभार. लेकीला चार वाटेकऱ्यांची गोष्ट सांगितली. तिने वहीत गाडी काढून चार बाण दाखवलेत, मास्तरांचं गोटी-बांगडीचंही करून झालं. गोटी जिंकते.

आता तिचा पुढचा प्रश्न. आमच्या शेजाऱ्यांनी इलेक्ट्रिक कार घेतलीय. ते म्हणतात घाट उतरताना बॅटरी भरते. किती भरत असेल?

अनुजा_क

दीड टनाची गाडी धरा. १,५०० × ९.८ × ५०० म्हणजे ७.३५ मेगाज्यूल, साधारण दोन युनिट. त्यातलं हवा आणि टायरने खाल्लेलं वजा करा, मोटार आणि बॅटरीतलं नुकसान वजा करा, हाती एकच्या आतबाहेर उरतं. ४० युनिटच्या बॅटरीत दोन-अडीच टक्के. टक्का वाढलेला दिसतो म्हणून लोक खूश होतात, पण चढताना दोन युनिटपेक्षा जास्त गेलेले असतात.

शेजाऱ्यांना एक मात्र सांगा. लोणावळ्यात बॅटरी १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी भरायला जागा नसते, त्यामुळे मोटारीचं ब्रेक लावणं कमी होतं किंवा बंदच पडतं, आणि सगळा घाट साध्या ब्रेकवर येतो. ९० टक्क्यांना चार्जर काढा, उतारात मिळेल ते भरायला जागा राहील.

डिझेल_दादा

म्हणजे याही गाडीला गिअर आहेच म्हणायचा, फक्त तो बॅटरीत बसवलाय.